वहिनीनं उतरवलेल्या कॅसेटी

शहरात, आमच्या पुंडलिकनगरात नळाला आठवड्यातून एकदाच पाणी यायला लागलं, त्या उन्हाळ्यात वहिनीचे आई-वडील कन्नडजवळचं गाव सोडून आमच्याकडं राहायला आले. गावची विहीर आटली होती. मेंढरं चुलतभावाच्या कळपात सोडून दोघं दोन बोचकी आणि एक पत्र्याची पेटी घेऊन एसटीतून उतरली. पेटी उघडली, तर आत एक जुना टेप आणि नुसत्या कॅसेटी.

त्या कॅसेटी म्हणजे नवरा-बायकोची पत्रं होती. तरुणपणी वहिनीचे वडील, म्हणजे दादा, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचे आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत खानदेशात लोकांच्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवत फिरायचे. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि घरचं बोलणं परक्याकडून वाचून घ्यायची लाज वाटायची. म्हणून दोन मेंढ्या विकून त्यांनी सेलवर चालणारा टेप घेतला. इकडं वहिनीची आई गावातल्या मास्तरांच्या टेपवर बोलायची. कॅसेट एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती जायची आणि घाटाखालच्या चहाच्या हॉटेलात ठेवली जायची. उत्तर त्याच वाटेनं परत यायचं.

"भावजी," वहिनी मला म्हणाली, "ह्या फिती वाळून चालल्यात. तुमच्या कॉम्प्युटरात उतरतील का?"

मी हो म्हणालो, पण करायचं कसं ते मला ठाऊक नव्हतं. गुलमंडीच्या बाजारात एका दुकानदारानं कॅसेटी उतरवून द्यायचा सांगितलेला भाव ऐकून आम्ही तसेच माघारी फिरलो. शेवटी दोन्ही टोकांना हेडफोनसारखी पिन असलेली साधी वायर घेतली. आवाज भरून घेण्याचा प्रोग्राम इंटरनेटवर फुकट मिळाला. पहिली कॅसेट लावली, तर बोलणं फाटलेलं, आणि खाली सारखी घूंऽऽ अशी घरघर.

मला वाटलं, संपलं. वहिनी मात्र दुसऱ्या दिवशी भाकरी उरकून पुन्हा कॉम्प्युटरपुढं बसली. वायर माइकच्या गुलाबी भोकात होती, ती तिनं शेजारच्या निळ्या भोकात लावून पाहिली. टेपचा आवाज निम्म्यावर आणला. बोलणं मोकळं झालं, घरघर तेवढी राहिली. तिनं टेप उलटा करून मागचं सेलचं झाकण उघडून पाहिलं.

"दादा रानात हा टेप सेलवर लावायचे ना? मग आपण भिंतीतली लाइट कशाला देतोय?"

सेल घातले आणि घरघर थांबली. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. वहिनी नुसती हसली आणि कॅसेट मागं फिरवायला लागली.

त्यानंतर दुपारी रोज तेच. कॅसेट जितका वेळ वाजते तितकाच वेळ ती उतरायला लागतो, तिथं घाई चालत नाही. वहिनी ज्वारी निवडत ऐकायची. बाहेर टँकर यायचा, समोरच्या मोकळ्या प्लॉटवर अपार्टमेंटचे कॉलम उभे राहत होते, आणि आमच्या खोलीत कुठली मेंढी व्याली, कुणाच्या पोरीला सोयरीक आली, हे चाललेलं असायचं. दादा पलंगावर डोळे मिटून पडायचे. मेंढरांना घातलेली स्वतःची शीळ ऐकली की हळूच मान हलवायचे.

एक कॅसेट मात्र घोगरी वाजायची, शब्दच कळत नव्हते. वहिनीनं स्पिरिटच्या बोळ्यानं टेपचं हेड पुसलं, मग त्याच्या बाजूचा बारका स्क्रू केसभर फिरवला. आवाज एकदम उघडला. वहिनीची आई होती, तरणी आणि भयंकर चिडलेली. "मेंढरंच लई प्यारी असतील तर तिथंच ऱ्हावा! मला एकटीला काय हौस हाय व्हय इथं? लेक बापाची वाट बघती अन् बाप घाटाखाली बसलाय!"

आई स्वयंपाकघरातून पळत आली. "बंद कर! पूस ते! जावयाच्या घरात काय आब्रू ऱ्हाईल माझी?"

वहिनीचा हात माउसवर तसाच थांबला. दादांनी डोळे उघडले.

"पुसू नको," ते म्हणाले. "तीच तर मी रोज लावायचो. ऐकून ऐकून झिजली ती."

"एवढ्या शिव्या दिल्या मी, अन् रोज?"

"त्यात तू मला बोलावलं व्हतंस. बाकीच्या कॅसेटीत नुसतं 'आम्ही खुशाल हाव' म्हणतीस."

आईनं पदर तोंडाला लावला. ती रडतेय की हसतेय, मला नीट कळलं नाही. वहिनीनं कॅसेट मागं घेतली आणि पहिल्यापासून भरायला लावली. या खेपेला आई उंबऱ्यात बसून सगळं ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर म्हणाली, "आवाज बरा व्हता की माझा."

पाऊस झाला तशी दोघं गावी परतली. वहिनीनं सगळ्या कॅसेटी त्यांच्या मोबाइलच्या कार्डात भरून दिल्या, आणि दुसरी प्रत माझ्याकडं ठेवली. "एकाच जागी ठेवू नाय," असं तिचं म्हणणं.

ही गोष्ट गल्लीत पसरली. मागच्या घरातली शेजारीण, जिला सगळे खाला म्हणजे मावशी म्हणायचे, आपल्या अब्बांच्या आवाजातली कव्वाली घेऊन आली. फीत मधेच तुटलेली होती. वहिनीनं कॅसेटचे स्क्रू उघडले, तुटलेली टोकं जुळवून पातळ चिकटपट्टी लावली, आणि जास्तीची पट्टी ब्लेडनं कापली.

"होगा क्या, बेटी?" खालानं विचारलं.

"देखते," वहिनी म्हणाली आणि टेपचं बटण दाबलं.