पाण्यातला शेकाट्या

यांकुबा बाजी शेकाट्याचा फोटो काढायचा तो आधी पाण्यात बघून. ऊन वर आलं की त्याच्या डोळ्यांपुढे पांढरं धुकं पसरायचं आणि लांब लाल पायांचा तो पक्षी त्यात विरघळून जायचा. खारफुटीच्या सावलीत मात्र पाण्यातली प्रतिमा गडद उमटायची. ती सापडली की यांकुबा कॅमेरा अंदाजाने किंचित वर उचलायचा आणि बटण दाबायचा. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, असं राजधानीतल्या, बान्जुलच्या डॉक्टरने सांगितलं. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, चष्मा लागलाय.

नदीकाठच्या कॅम्पवरच्या पाहुण्यांना खाडीत नेऊन पक्षी दाखवायचे, कॅम्पच्या भिंतींसाठी फोटो काढायचे, एवढंच काम त्याने आयुष्यभर केलं. भात पिकवणाऱ्या जोला जमातीत जन्मूनही भातशेती त्याला कधी जमली नाही. दुसरं काही येत नव्हतं.

त्याची होडी जेगान फाय चालवायचा. जेगान सेरेर जमातीचा, हा जोला, आणि या दोन जमातींत जन्मजात थट्टेचं नातं. एकमेकाला गुलाम म्हणायचं, ताटातला मासा पळवायचा, मयताच्या घरीही टोमणा मारायचा. राग धरायचा नाही.

त्या सकाळी होडीत कॅम्पच्या मालकीण सोहना जोबे बसल्या होत्या.

"पाहुणे म्हणतात, हल्ली तुम्हाला पक्षीच सापडत नाहीत," त्या म्हणाल्या. "आज माझ्यासमोर काढा. नाही जमलं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

"मॅडम, या आंधळ्याला कशाला छळता?" जेगान काठी रेटत म्हणाला. "भाताचं ताट सोडून याला काही दिसत नाही. माझा गुलाम आहे, म्हणून पोसतोय झालं."

"तू बोल. मासे खाऊन खाऊन तुझ्या अकलेलाही वास यायला लागलाय."

सोहना हसल्या. यांकुबाला हायसं वाटलं. खरी गोष्ट उघड बोलली गेली होती आणि हसण्यावारी गेलीही होती.

ओहोटी पूर्ण झाली होती, पाणी काचेसारखं स्थिर. चिखलाच्या कडेला त्याला पाण्यातला पक्षी दिसला. त्याने कॅमेरा उचलला, बटण दाबलं.

"सुरेख आलाय," सोहना कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत म्हणाल्या. "आता पंख उघडतानाचा."

तेवढ्यात वारा सुटला. पाण्यावर सुरकुत्या पडल्या, प्रतिमेचे तुकडे झाले, मग तेही गेले. यांकुबाने कॅमेरा डावीकडे नेला, उजवीकडे नेला. कुठे आहे, हे विचारायची सोय नव्हती. तो बटण दाबत राहिला.

सोहनांनी फोटो पाहिले. चिखल, पाणी, रिकामं आभाळ.

"शेकाट्या समोर उभा होता, यांकुबा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हललाही नाही."

यांकुबा जेगानच्या टोमण्याची वाट बघत राहिला. एक शिवी आली असती, तर सोहना हसल्या असत्या आणि सगळं वाऱ्यावर ढकलता आलं असतं. जेगानने नुसती काठी चिखलात रोवली.

मग तो म्हणाला, "दादा, कॅमेरा इकडे द्या. तुम्ही नीट बसा, होडी वळवतोय."

जेगानने त्याला आजवर कधी दादा म्हटलं नव्हतं. तुम्ही तर नाहीच.

"शिवी दे," यांकुबा पुटपुटला. "दे ना रे, गुलामा."

जेगानने होडी वळवली. काठ आल्यावर त्याने यांकुबाचा हात धरला आणि कुठे पाय ठेवायचा ते सांगितलं. यांकुबाने तिथेच पाय ठेवला.