दहाव्या वर्षी चाळिशी

माझं डोकं का दुखतं, हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

मी तेव्हा अकोल्याच्या शाळेत पाचवीत होते. पुस्तक उघडलं की सुरुवातीच्या काही ओळी नीट जायच्या. मग अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढायला लागायची. भुवयांच्या वर कुणीतरी अंगठे रोवून धरल्यासारखं व्हायचं. तरी रेटून वाचत राहिले, तर खालचा बाक हलतोय असं वाटून मी दोन्ही हातांनी त्याची कड धरायची. खेळताना यातलं काही व्हायचं नाही. "खेळताना बरं दुखत नाही हिचं डोकं!" हे वाक्य त्या वर्षी मी इतक्या तोंडांतून ऐकलं, की समोरच्यानं 'खे' म्हटलं की मी उठून जायची.

आमचे वर्गशिक्षक सुधारक होते. हे ते स्वतःच सांगत. आमच्या घरानं नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. वर्गात आमच्या समाजाची आम्ही चार मुलं. आम्हाला आपण वेगळं बसवत नाही, हे गुरुजी इतक्या वेळा बोलून दाखवत, की वेगळं बसवलं असतं तर निदान गप्प तरी बसले असते असं वाटायचं.

एकदा गणितं करता करता मला भोवळ आली आणि मी वहीवरच ओकले. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी सगळ्यांसमोर माझी तपासणी आरंभली. मला शेवटच्या बाकापाशी उभं केलं, फळ्यावर बारीक अक्षरांत काहीबाही लिहिलं आणि वाचायला सांगितलं. मी सगळं वाचलं. सकाळचं अर्धवट पुसलेलं वाक्यही वाचलं.

"डोळे घारीसारखे आहेत," गुरुजी म्हणाले. "म्हणजे भानगड आत आहे." आणि त्यांनी स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या वडलांना बोलावून घेतलं. बाबा बांधकाम खात्यात कारकून होते. मधल्या सुटीत आले ते कोटाची सगळी बटणं लावून.

"मुलीचा दोष नाही हो," गुरुजी फार मायेनं म्हणाले. "तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पुस्तक नाही. मेंदूला सवय नाही, म्हणून तो थकतो. हिच्या मुलांना बघा, हा त्रास होणार नाही."

"मग काय करावं जी?" बाबांनी विचारलं.

"स्कॉलरशिपला बसवू नका. शिवण शिकवा. मुलीच्या जातीला उपयोगी पडतं."

"हो जी," बाबा म्हणाले.

मी शेजारीच उभी होते. घरी शिक्षणावर तासभर बोलू शकणारा हा माणूस. भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवून आम्हाला शिका, शिका म्हणणारा. त्याला त्या खोलीत 'हो जी'पलीकडे शब्द सापडला नाही.

घरी आल्यावर त्यांनी माझ्या आईला यातलं काही सांगितलं नाही. मीच सांगितलं. माय भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्या मास्तरच्या डोक्यात काय सोनं भरलं हाये? त्याले म्हनावं, आपलं पाह्य आधी."

बाबांनी मात्र त्या संध्याकाळपासून कंदिलाजवळ मला जास्तीचं वाचायला बसवलं. गुरुजी खोटे ठरावेत म्हणून, हे मला आज कळतं. पण ते कबूल करायचं तर गुरुजी बोलले काय हे सांगावं लागलं असतं. म्हणून त्यांनी वेगळं कारण काढलं. "आळस आहे हा. निव्वळ आळस." मी डोकं धरलं की ते पुस्तक माझ्या नाकाजवळ सरकवत. जवळ आलं की अक्षरं आणखीच फुटत.

मायचं म्हणणं, दृष्ट लागली. दीक्षेनंतर बाबांनी असल्या गोष्टींना घरात बंदी केली होती. त्यामुळे बाबा कचेरीत गेले की माय चुलीशी बसवून माझ्यावरून मीठ-मिरच्या उतरवायची. मिरच्यांच्या धुरानं सकाळी नसलेली डोकेदुखीही सुरू व्हायची. "पाह्य, कशी निघून राहिली," माय म्हणायची. शेजारीण म्हणे, जिनिंगचा कापूस उडतो तो नाकावाटे मेंदूत जातो. जिनिंगमध्ये राबणाऱ्या शेकडो बायांच्या मेंदूचं काय झालं असेल, हे तिला कुणी विचारलं नाही.

जठारपेठेतले डॉक्टर पदवीधारी होते, म्हणून बाबांचा त्यांच्यावर फार विश्वास. पहिल्या भेटीत ते म्हणाले, जंत आहेत. दुसऱ्या भेटीत, रक्त कमी आहे. तिसऱ्या भेटीत, "वयात येतेय." मी दहा वर्षांची होते. तिन्ही रोगांवर औषध तेच, कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेल्या बाटलीतलं लाल पाणी. मला केव्हा दुखतं, कुठं दुखतं, काय करताना दुखतं, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. ते बाबांना विचारत. बाबांना ते ठाऊक नव्हतं. पण ते उत्तर देत.

दिवाळीच्या सुटीत माय मला घेऊन अमरावतीला मावशीकडे गेली. मावशीचे यजमान, आमचे मावसाजी, जेवण झालं की ओट्यावर खाटेवर आडवे होऊन चाळिशी लावून पेपर वाचायचे आणि तिसऱ्या ओळीला घोरायला लागायचे. एका दुपारी मावसभावंडांना हसवायला मी त्यांच्या नाकावरून चाळिशी अलगद उचलली, माझ्या नाकावर ठेवली, तुटक्या काडीच्या जागी बांधलेली दोरी कानामागे घेतली आणि त्यांच्यासारखा खाकरून पेपर उघडला.

अक्षरं जागच्या जागी उभी होती.

नकलेचं मी विसरले. मी पहिली बातमी वाचली, मग दुसरी. सरकीचे भाव वाचले, हरवलेल्या बैलाची जाहिरात वाचली. पान संपलं तरी कपाळावर अंगठे आले नव्हते. मी ओरडतच आत गेले, "माय, मले वाचता येऊन राहिलं!"

आधी सगळे हसले. "दहाव्या वर्षी पोरीले चाळिशी लागली!" मावशी पोट धरून हसत होती. आवाजानं मावसाजी उठले आणि संतापले. "काढ ते! म्हाताऱ्याचा चष्मा घालते काहून? हायेत तेबी डोये फुटतील." त्यांना माझ्या डोळ्यांची नव्हे, चष्म्याच्या काड्यांची काळजी होती. काडी आधीच एक तुटलेली होती.

माय हसली नाही. तिला अक्षर येत नव्हतं. तिनं मला दारातल्या उजेडात बसवलं आणि समोर मांडी घालून बसली. "काढ. वाच आता." मी वाचलं. "घाल. वाच." पुन्हा वाचलं. "काढ." मी काय वाचते ते तिला कळत नव्हतं, म्हणून ती माझ्या कपाळाकडे बघत होती. किती तरी वेळ हे चाललं. शेवटी तिनं चाळिशी मावसाजींच्या हातात दिली आणि मावशीला म्हणाली, "डोयाचा डाक्टर कुठं बसते अठी, तुमच्या गावात?"

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं डोळ्यांत थेंब घातले, नंतर एकामागून एक भिंगं लावून पाहिली. तो घाईचा, चिडका माणूस होता. त्यानं मायला सांगितलं की मुलीला लांबचं दिसतं ते डोळ्यांनी जोर लावल्यामुळे, आणि जवळचं बघायला त्याच्या दुप्पट जोर लागतो. डोकं दुखतं, गरगरतं ते त्यामुळे. चष्मा लावला की थांबेल. मग आवाज चढवून म्हणाला, "इतके दिवस करत काय होता तुम्ही लोक?"

"तुमच्यासारख्या शिकलेल्यायले इचारत होतो," माय म्हणाली.

डॉक्टरनं मान खाली घालून चिठ्ठी लिहिली.

चष्मा आला तो मोठ्या माणसाच्या मापाचा, काळा आणि जड. अकोल्याला परतल्यावर बाबांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला, स्वतः लावून पाहिला, काढला. मायनं सगळं सांगितलं.

"म्हणजे गुरुजी चुकले म्हणते तू?"

"चुकले."

"असं कसं होईल," बाबा म्हणाले. चष्मा माझ्या हातात न देता त्यांनी तो फळीवर ठेवला. मी जाऊन घेतला.

शाळा उघडली. गुरुजींनी मला पुढं बोलावलं. "काय गं, ही कसली फॅशन?" चष्मा काढून घेतला, स्वतःच्या डोळ्यांना लावला आणि टेबलावरच्या पुस्तकात पाहिलं. "अरे, ही तर चाळिशी!" वर्ग हसला. पण गुरुजींनी चष्मा लगेच काढला नाही. एरवी ते पुस्तक हातभर लांब धरायचे. आता ते त्यांनी जवळ ओढलं, त्यांची बुबुळं ओळीवरून सरकली, खालच्या ओळीवर आली, तिच्याहीखाली गेली. मी समोरच उभी होते, मला ते स्वच्छ दिसलं. मग त्यांना भान आलं आणि त्यांनी चष्मा परत दिला.

"वाच बघू."

मी अख्खा धडा वाचला. एकदाही थांबले नाही. वर्गात कुणी हसलं नाही. मी वाट बघत होते, आता हा माणूस काय म्हणतो.

"बघा," गुरुजी वर्गाला म्हणाले, "मी म्हटलं होतं की नाही? हळूहळू मेंदूला सवय होते."

इतकी निखळ तुच्छता मला पुढं आयुष्यात क्वचितच कुणाबद्दल वाटली. रागात निदान समोरच्याची दखल असते. मला त्या क्षणी गुरुजी एखाद्या रिकाम्या खोक्यासारखे वाटले. आत काहीही टाका, आवाज तोच.

स्कॉलरशिपला त्यांनी मला बसवलं नाहीच. नावं गेली होती म्हणाले.

सहा वर्षांनी मी मॅट्रिक झाले. मार्क चांगले होते, म्हणून शाळेनं सत्कार ठेवला. गुरुजी तोवर मुख्याध्यापक झाले होते आणि त्यांना चष्मा लागला होता, चांगला सोनेरी काड्यांचा. मंचावरून त्यांनी माझी हकिगत सांगितली. या मुलीला चार ओळी वाचल्या की घेरी येत असे, घराण्यात विद्या नव्हती, मी तिच्या मेंदूला हळूहळू वळण लावलं. सांगताना त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. ते खोटं बोलत नव्हते, हेच त्यातलं सगळ्यांत किळसवाणं होतं. त्यांना ते तसंच आठवत होतं.

टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत बाबा होते, कोटाची सगळी बटणं लावून. तेही वाजवत होते.

घरी जाताना मी विचारलं, "तुमी टाळ्या काहून वाजवल्या?"

"सगळे वाजवून राहिले होते."

"तुमाले तर खरं ठाऊक होतं."

"तुले कॉलेजचा दाखला घ्यायचा हाये अजून त्याच्याकडून," बाबा म्हणाले.

माय दोन पावलं पुढं होती. तिनं वळून बघितलं नाही, फक्त पदर डोक्यावर ओढला आणि चालीचा वेग वाढवला. तिला गाठायला मला पळावं लागलं. बाबा मागून आपल्या चालीनं येत राहिले.