पाढ्यात न सापडलेली संख्या

संख्यांच्या राज्यात तळ्यात-मळ्यात चालत नाही. प्रत्येक संख्या एक तर मूळ असते, नाहीतर संयुक्त. अपवाद फक्त एकचा, आणि मोजणी तिथूनच सुरू होते.

लातूरला बहिणीकडे गेलो तेव्हा पाचवीतली भाची हेच घोकत होती. दुसऱ्या दिवशी तिच्या शिकवणीत चाचणी होती आणि त्या गुणांवरून पोरांच्या दोन तुकड्या पडणार होत्या. पहिली हुशारांची, दुसरीला 'उदयोन्मुख' असं नाव दिलं होतं. भाचीची जिवलग मैत्रीण पहिलीत जाणार हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून हिलाही पहिलीतच जायचं होतं. गणिताशी तिचं देणंघेणं तेवढंच.

घरी तयारी करून घेत होते तिचे आजोबा, म्हणजे बहिणीचे सासरे, लोह्याकडचे निवृत्त मुख्याध्यापक. "तिसापर्यंतचे पाढे म्हण. पाढ्यात आली की संयुक्त, न्हाई आली की मूळ."

"सात एके सात. म्हंजे सात बी पाढ्यात हाय की, आजोबा."

"एके धरायचं न्हाई."

"मग म्हणायचं कशाला?"

"सुरुवात हाय ती. सुरुवातीला मान द्यायचा असतो."

एक्क्याण्णव तेराच्या पाढ्यात सापडली. मी इतकी वर्षं तिला मूळ समजत होतो. मग पुस्तकातून एकशे एकवीस आली. भाचीने डोळे मिटून सगळे पाढे म्हटले. अकरा दाहे एकशे दहा. तिथे अकराचा पाढा संपला, कारण आपल्याकडे पाढा दाहेलाच संपतो. एकशे एकवीस कुठेच भेटली नाही.

"मूळ," आजोबांनी निकाल दिला. "काय पाहुणे?"

काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळेना. एक्क्याण्णवने माझी पत आधीच घालवली होती. "असेल," मी म्हणालो.

चाचणीत नेमकी तीच आली. भाचीने मूळ लिहिलं. संध्याकाळी मैत्रीण दारातूनच ओरडली, "अकरा गुणिले अकरा गं, येडे!" भाची उदयोन्मुख ठरली आणि न जेवता झोपली. "अकराचा पाढा एकशे दहापर्यंतच असतो," आजोबा मला पुन्हा पुन्हा सांगत राहिले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

नांदेडला परतल्यावर फोन केला. भाची खुशीत होती. मैत्रिणीशेजारीच बसते म्हणाली. शिकवणीच्या दुसऱ्या खोलीत पंखा नाही, म्हणून दोन्ही तुकड्या एकत्रच बसतात.