नववे मिनिट

डायलिसिसच्या दालनात छतातून झिरपणारे ते संगीत कोणाचे, हे तिथल्या बारा रुग्णांपैकी एकीलाच ठाऊक होते. कारण त्याचा कर्ता तिच्याच खुर्चीशेजारी, मांडीवर डबा धरून, अपराध्यासारखा बसलेला असे.

संगीतकारांचे नाव कधी गाजले नाही. पियानोचे चार स्वर, त्यांखाली व्हायोलिनांची एक प्रदीर्घ, जवळजवळ अचल रेषा आणि तळाशी यंत्रातून काढलेला मंद्र गुंजारव, एवढ्याच सामग्रीवर त्यांनी चौतीस वर्षे उपासना केली. तेच चार स्वर पुनःपुन्हा येत आणि प्रत्येक आवर्तनात एखादाच किंचित सरके. उन्हाचा कवडसा भिंतीवरून सरकतो, पण सरकताना दिसत नाही, तसा. अभिजात संगीताचे अभिमानी त्याला अंगाई म्हणत. अंगाई हवी असणाऱ्यांना ते अवघड वाटे. दुकानदार त्यांच्या तबकड्या मालिशच्या तेलाशेजारी मांडून मोकळा होई. मेहुणा त्यांना ‘मौनीबाबा’ म्हणे, आणि ते त्यावरही काही बोलत नसत.

दहा वर्षांपूर्वी एका कंपनीने त्यांची चव्वेचाळीस मिनिटांची एक रचना कायमची विकत घेतली. ती कुठे वाजणार, हे त्यांनी विचारले नाही. कोणीतरी ऐकणार, एवढ्यावरच ते भरून पावले होते.

आता ती आठवड्यातून तीनदा, दर खेपेस पाच वेळा पुरती आणि सहाव्यांदा अर्धवट, त्यांच्या पत्नीच्या डोक्यावर वाजत होती.

दुसऱ्या महिन्यात, एका बुधवारी, हातात दोन सुया टोचलेल्या असताना पत्नी शांतपणे म्हणाल्या, “अहो, हे बंद करायला सांगा. नाहीतर शुक्रवारपासून मी येणार नाही.”

“असं काय म्हणतेस? डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना? एकही खेप चुकवायची नाही. जिवाशी खेळ आहे.”

“ऐकलं. ऐकण्यातच तर जन्म गेला.”

संगीतकार ओशाळून हसले. “इतकं वाईट आहे का गं ते?”

“वाईट कोण म्हणतंय?” पत्नींनी डोळे मिटले. “तुम्ही त्यात पियानो ऐकता. मला काय ऐकू येतं, सांगू?”

आणि मग त्यांनी सांगितले. घरातल्या मागच्या खोलीत ध्वनिमुद्रण चाले. ग्रंथालयातली सकाळची नोकरी आटोपून त्या दुपारी घरी येत, तेव्हा खोलीच्या दारावर लाल दिवा लागलेला असे. लाल दिवा म्हणजे फ्रिज बंद, पंखा बंद, नळ बंद. भिंतीवरचे घड्याळ गोधडीत गुंडाळून ठेवायचे. बांगड्या काढायच्या. मग स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, हात मांडीवर घेऊन, दिवा विझेपर्यंत बसायचे. खोकला आला तर पदराचा बोळा तोंडात.

“ही चव्वेचाळीस मिनिटं तुम्ही अकरा वेळा वाजवलीत,” त्या म्हणाल्या. “शेवटचं जमलं, त्या दिवशी नवव्या मिनिटाला ताई आली. खिडकीतून मला बसलेली पाहिलं तिने. मी हातानेच खूण केली, थांब. तिला वाटलं, जा म्हणतेय. तुम्ही वाजवत होतात आणि माझी बहीण फाटकातून परत जात होती. पुन्हा पायरी चढली नाही ती आपली.”

“मला हे कधी बोलली नाहीस.”

“कधी बोलणार? दिवा लागलेला असायचा. आणि आता इथेही तेच. हात हलवायचा नाही, उठायचं नाही, आणि वर हे.”

त्या क्षणी वर कितवे मिनिट चालू आहे, हे संगीतकारांना कोणी सांगायला नको होते. ज्या निःशब्दतेला ते आपल्या कलेची पवित्र भूमी मानत आले, ती भूमी कोणीतरी श्वास रोखून त्यांच्यासाठी धरून ठेवली होती, हे त्यांच्या ध्यानी आले. आणि ध्यानी येऊनही करण्यासारखे काही उरले नव्हते.

ते उठून परिचारिकेकडे गेले. “सिस्टर, हे संगीत जरा बंद करता येईल?”

“काका, माझ्या हातात असतं तर पहिल्याच दिवशी केलं असतं. ऐकून मलाच झोप येते, आणि मला झोपून कसं चालेल?”

“निदान हिच्या कानात बोळे…”

“कापूस काकूंनी घालून पाहिला की. तो खालचा घुं-घुं आवाज त्यातूनही येतो म्हणाल्या. आणि घट्ट काही घालायला परवानगी नाही. भोवळ आली तर मी मारलेली हाक ऐकू जायला हवी ना?”

व्यवस्थापकांनी त्यांना सौजन्याने खुर्ची दिली. संगीत मुख्यालयातून येते. आगीची सूचनाही त्याच तारेतून येते. म्हणून तार तोडता येत नाही.

“पण ते माझं आहे,” संगीतकार म्हणाले. “मी रचलंय.”

“अरे वा!” व्यवस्थापक उभेच राहिले. “मग तर तुम्हाला अभिमान वाटायला हवा. नातेवाइकांकडून एकही तक्रार नाही!”

त्याच संध्याकाळी त्यांनी कंपनीला पत्र धाडले. उत्तर दुसऱ्याच दिवशी आले: आपली रचना रुग्णांच्या पाहणीत सर्वाधिक शांतिदायक ठरली आहे, हार्दिक अभिनंदन. मग त्यांनी बदली रचना म्हणून चव्वेचाळीस मिनिटांची निव्वळ शांतता पाठवली. ती कंपनीच्या संगणकानेच नाकारली. ध्वनी आढळला नाही, म्हणे.

शुक्रवारी पत्नी उठल्या नाहीत. संगीतकार चपला घालून दारात उभे राहिले, मग चपला काढून पलंगाशी बसले. विनवण्या करून पाहिल्या, रागावूनही पाहिले; पण रागवायची सवय नसल्याने आवाज मध्येच चिरकला आणि त्यांनाच खोकला आला. पत्नींनी पाण्याचा पेला पुढे केला. शनिवारी त्यांच्या पायांना सूज चढली. रविवारी जिना उतरताना धाप लागली. सोमवारी सकाळी त्या आपणहून तयार होऊन बसल्या.

“येतेस?” त्यांनी आशेने विचारले.

“तुमच्यामुळे नाही,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “श्वास पुरत नाही म्हणून.”

परिचारिकेने दोन्ही सुया टोचल्या, नळ्या चिकटपट्टीने बसवल्या, आणि यंत्र फिरू लागले. वर पहिला स्वर पडला.

“बोला,” पत्नी म्हणाल्या.

“काय बोलू?”

“काहीही. हे संपेपर्यंत थांबायचं नाही. मला तुमचा आवाज ऐकू दे, ते नको.”

संगीतकार बोलू लागले. बस उशिरा आली, हे त्यांनी सांगितले. शेजाऱ्याने कुंपण रंगवायला काढले आहे, हे सांगितले. रंग हिरवा आहे, हेही सांगितले. ताईविषयी काही बोलावे म्हणून तोंड उघडले आणि तसेच मिटले. पाचव्या मिनिटाला त्यांच्याजवळचे सगळे शब्द संपले. उभ्या जन्मात त्यांनी अनावश्यक ते गाळण्याचीच साधना केली होती. आता हाताशी धरायला काही उरलेच नव्हते.

“थांबलात,” डोळे न उघडता पत्नी म्हणाल्या.

त्यांनी व्याकूळ होऊन इकडेतिकडे पाहिले. समोरच्या भिंतीवर एक फलक होता. ते मोठ्याने वाचू लागले: “प्रवेश करण्यापूर्वी हात स्वच्छ धुवावेत. रुग्णासोबत एकाच व्यक्तीने थांबावे. यंत्राला हात लावू नये…”

“काका, जरा हळू,” परिचारिका दुरून म्हणाली.

“मोठ्याने वाचा,” पत्नी म्हणाल्या.

आठ कलमे होती. ती संपली.

“एवढंच लिहिलंय गं,” ते अगतिक होऊन म्हणाले.

“मग पुन्हा पहिल्यापासून.”

वर चार स्वर फिरून आले. त्यांतला एक किंचित सरकला. नववे मिनिट लागले होते. संगीतकारांनी आवाज चढवला आणि हात स्वच्छ धुवावेत, हे पुन्हा वाचायला घेतले.