हाताचा खार

कडूबाच्या हाताला खार आहे, हे वाळूजच्या कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. घरी वच्छलाबाईला मात्र ते लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. ती त्याला विळीला हात लावू देत नसे. "ठेवा ती खाली. सकाळी मलाच घासाया लागती," म्हणायची. आणि चेष्टेची लहर आली की, "एकदा तुम्हीच पीठ मळा, मिठाचा खर्च वाचंल."

कडूबा हसायचा, पण त्या खारानं त्याची पहिली नोकरी घालवली होती. बाविसाव्या वर्षी कन्नडकडच्या गावची मेंढरं भावाच्या हवाली करून तो शहरात आला आणि बेअरिंगच्या एका कंपनीत चिकटला. महिनाभरात त्याच्या हाताखालून गेलेल्या चकचकीत कड्यांवर तपकिरी ठिपके दिसू लागले. सुपरवायझरनं त्याला एक कडं मुठीत धरायला लावलं, कागदाच्या पुडीत बांधलं आणि पुडीवर त्याचं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुडी उघडली, तर कड्यावर त्याची बोटं उमटलेली. "घाम काहींचा असतो असा," सुपरवायझर म्हणाला. "दोष नाही तुझा. पण इथं नको."

मग कडूबा वेल्डिंग शिकला. गेट, जाळ्या, ट्रॉल्या. वेल्डिंग झालं की वरून रंग बसतो आणि रंगाखाली कुणाचे हात शोधत नाहीत. बत्तीस वर्षं तो असा रंगाखाली लपून राहिला. हातमोजे कधी काढायचा नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "पुरळ उठतं."

जूनमध्ये श्रेया त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलींच्या रेसिंग संघाची ती कप्तान. गाडीचा सांगाडा करायचा होता, बारीक पाइपांचा, साठेक जोडांचा.

"रंग कुठला देयाचा?" कडूबानं विचारलं.

"रंग नाही, काका. नुसता धातू. वर पारदर्शक लॅकरचा हात."

"का बरं?"

"गेल्या वर्षी रंगाखाली एक जोड चिरला होता, आम्हाला दिसलाच नाही. सरावात गाडी मोडली. मैत्रिणीचा खांदा निखळला. यंदा प्रत्येक जोड डोळ्यांना दिसला पाहिजे."

रंगाविना कडूबाला लपायला जागा उरत नव्हती. पण इतक्या पातळ पाइपाला भोक न पाडता जोडणारा हात त्या कारखान्यात एकच होता. त्यानं काम घेतलं. चार महिने दुहेरी हातमोजे घातले. रोज संध्याकाळी प्रत्येक पाइप थिनरनं पुसला, तेलाचं फडकं फिरवलं. कपाळाचा घाम पडू नये म्हणून डोक्याला टॉवेल गुंडाळला. सांगाडा आरशासारखा राहिला.

चूक झाली ती खंडेनवमीला.

कारखान्यात हत्यारांची पूजा होती. ग्राइंडरला हार, ड्रिलला हार. मालक राजकुमार शेठ म्हणाले, "मिस्त्री, फ्रेमलाही भंडारा लावा. तुमच्याच हातचं लेकरू आहे ते."

कडूबा सांगाड्यापुढे उभा राहिला. गुलमंडीवरून आणलेला भंडारा ताटात होता. त्याच्या बापानं, आज्यानं मेंढरं कातरायच्या कात्रीला याच दिवशी असाच भंडारा लावला होता. देवाच्या भंडाऱ्यात कुणी हातमोजे घालून बोटं बुडवतं का? त्यानं हातमोजे काढले. जोडामागून जोड, पाच बोटं टेकवत तो सगळा सांगाडा फिरला. पोटच्या पोरीला हळद लावताना लागतो, तेवढाच हलका हात.

त्याच दुपारी संघातल्या मुली येऊन सांगाड्याशी फोटो काढून गेल्या. दसऱ्याची सुट्टी संपली. लॅकर मारायचा दिवस आला. लॅकरआधी पाइप थिनरनं पुसायचे, हे त्यानंच सगळ्यांना शिकवलेलं. पण देवाच्या भंडाऱ्यावर थिनर ओतायला त्याचा जीव होईना. त्यानं कोरड्या फडक्यानं पिवळं झटकलं. हवा कोरडी, बोटं नुसती टेकलेली; धातू अजून चकचकीत दिसत होता. त्याच्यावरच लॅकर बसला.

तीन आठवड्यांनी, मधल्या अवकाळी पावसाची दमट हवा ओसरल्यावर, सांगाडा बोलू लागला. प्रत्येक जोडाजवळ पाच तपकिरी डाग. डागांतून लॅकरखाली केसासारख्या रेषा निघालेल्या, वाळवी चालावी तशा. सांगाडा न्यायला शुक्रवारी टेम्पो येणार होता आणि आज मंगळवार.

जेवणाच्या सुट्टीत कडूबा एकटाच सांगाड्यापाशी बसला. डबा उघडला नाही. एक डाग घासून पाहिला. वरचा लॅकर पांढुरका झाला, डाग तसाच. दुसरा घासला, तिसरा. मग लक्षात आलं, की असे तीनशे आहेत आणि सगळे आपल्याच बोटांचे आहेत.

श्रेया आली तेव्हा राजकुमार शेठ सांगाड्याशीच उभे होते.

"तुमच्या पोरींनी पूजेच्या दिवशी फोटो काढले. मी म्हटलं होतं, हात लावू नका. आमचे मिस्त्री तर हातमोजे काढतच नाहीत. माझ्या कारखान्याचं नाव खराब होतं यानं. चूक तुमची, असं लिहून द्या. मग पुढचं बघू."

"लिहून दिलं तर कॉलेज संघच बंद करेल, सर. गेल्या वर्षीच्या अपघातानंतर एकच संधी दिलीय त्यांनी."

"मग मी काय करू?"

श्रेया डाग पाहत राहिली. "लागले असतील आमचेच हात," ती पुटपुटली आणि पिशवीतून पेन काढलं.

कडूबा दोन पावलांवर होता. छप्पन्न वर्षं वय. या वयात नवीन दारात कोण उभं करणार? गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. पेनाचं टोपण निघालं.

"थांबा, ताई."

त्यानं भंगारातला पाइपाचा तुकडा उचलला, पॉलिश पेपरनं घासून लख्ख केला, थिनरनं पुसला. मग हातमोजे काढले आणि तो तुकडा मुठीत गच्च धरला.

"हे काय नाटक, मिस्त्री?"

"नाटक नाय, शेठ. माझा हात हाय." त्यानं तुकडा ओलसर कागदात गुंडाळून शेठच्या टेबलावर ठेवला. "उद्या सकाळी उघडा. तवर ताईंकडनं काय लिहून घेऊ नका."

सकाळी पुडी उघडली. तळव्याच्या रेषांसकट सगळा हात उमटला होता. शेठनी तुकडा उजेडाला धरून फिरवला.

"बत्तीस वर्षं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मला सांगितलं असतं तर..."

"तर ठेवलं असतं का?"

शेठनी पुडी परत बांधली. "ही फ्रेम जाऊ द्या. मग सोमवारपासून येऊ नका, मिस्त्री."

दोन दिवस कडूबा उघडे हात पाठीमागं बांधून उभा राहिला आणि मुली त्याच्याकडचे हातमोजे घालून काम करत राहिल्या. लॅकर उतरवा. पॉलिश पेपर जोडावर हलका, पाइप पातळ व्हायला नको. आता थिनर. फडकं बदला. कोरडं होऊ द्या. लगेच लॅकर, हवा लागायच्या आत. एका मुलीनं विचारलं, "काका, एवढा वैरी असतो का घाम?" कडूबानं हनुवटीनंच पुढचा जोड दाखवला. वच्छलाबाईला सोमवारचं अजून सांगायचं होतं.

शुक्रवारी टेम्पो आला. सांगाडा चढवताना मागची बाजू फळीवर अडकली. मुली ढकलत होत्या, हलेना.

"ओ काका, बघता काय? हात लावा की!" ड्रायव्हर ओरडला.

कडूबा धावत पुढे गेला. हात उचलले आणि पाइपापासून वीतभर अंतरावर तसेच राहिले; हातमोजे मुलींच्याच हातांत होते. श्रेयानं ते पाहिलं. मग त्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले, एकमेकांत घट्ट अडकवले, डोक्याचा टॉवेल काढून खांद्यावर टाकला, आणि खांदा सांगाड्याला लावून सगळा जीव एकवटून रेटला.