वाळूतली हंडी

दाराशी येऊन टेकलेल्या माणसाला ऊठ म्हणायचं नाही, हा मारूसाचा जन्माचा नेम. एकदा कुणी अनोळखी खलाशी तिच्या उंबऱ्यावर दुपारभर घोरत पडला, तेव्हा तिनं स्वतःच्या नवऱ्याला मागच्या खिडकीतून घरात घेतलं होतं. ग्रीसमधलं सगळं मिलोस बेट यावरून तिला हसायचं.

त्या रविवारी मात्र तिचा कस लागला. लेक लेमोनियाचं लग्न जमू घातलं होतं. बेटाची रीतच अशी, की घर लेकीच्या नावावर होतं आणि जावई सासूच्या दारी राहायला येतो. मुलाची आई कल्लिरॉई शेजारच्या सिफ्नोस बेटावरची, मोठी खमकी. सासू पारखल्याशिवाय मुलगा द्यायची नाही, असं तिनं कळवलंच होतं. ती दुपारी जेवायला येणार म्हणून मारूसानं आदल्या संध्याकाळीच बोकडाचं मटण हंडीत भरलं, झाकण कणकेनं लिंपलं आणि हंडी किनाऱ्यावरच्या वाळूत पुरली. बेटाच्या पोटातल्या ज्वालामुखीनं तिथली जमीन बारा महिने तापलेली असते, चूल लागतच नाही.

दुपारी फावडं घेऊन मायलेकी गेल्या तो काय, नेमकं हंडीवरच चटई अंथरून एक परदेशी म्हातारा-म्हातारी गाढ झोपलेली. कमरेला आयता शेक मिळत होता, उठतील कशाला?

लेमोनिया रडकुंडीला आली. मी उठवते, म्हणाली.

"खबरदार," मारूसा म्हणाली. "दमलेत बिचारे."

तिनं फावडं बाजूला ठेवलं. मग ती छत्री उघडून त्यांच्यावर सावली धरून बसली.

घरी वाट पाहून कंटाळलेली कल्लिरॉई तरातरा किनाऱ्यावर आली आणि जेवण कुठंय म्हणून विचारू लागली. मारूसानं शरमेनं चटईकडे बोट दाखवलं. आमच्यात हंडी भट्टीत ठेवतात, पाहुण्यांखाली नाही, असा टोमणा मारून बाईही वाळूत बसली. मग तिघी कुजबुजत अंजिरं खात राहिल्या.

उन्हं कलल्यावर म्हाताऱ्याला जाग आली. हंडी निघाली, तर मटण हाडापासून सुटलेलं. पाचही जणं तिथंच जेवली, म्हातारीनं तर दोनदा मागून घेतलं.

बोटीपाशी निरोप घेताना कल्लिरॉईनं मारूसाचा हात धरला.

"माझा पोरगा सकाळी फार उशिरा उठतो, मारूसाबाई. सासूघरी त्याचं कसं होणार, या काळजीनं मला झोप नव्हती. घेऊन जा त्याला."