वनमालाबाई आणि रविवारचा प्रोसेसर

आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, वनमालाबाई म्हणजे विज्ञानाच्या बाई. सगळी नोकरी तुळजापुरात, मुलींच्या शाळेत. अजूनही स्टँडवर एखादी लेकुरवाळी बसमधून उतरते, वाकून पाया पडते आणि म्हणते, "बाई, ओळखलं का?" हिला सगळ्या ओळखू येतात. आणि हक्काच्या नवऱ्यानं चष्मा कुठं ठेवलाय म्हणून विचारलं तर म्हणते, "तुमचा तुम्ही बघा." मी नारायणराव, तहसील कचेरीतून निवृत्त झालेला अव्वल कारकून. लोकांच्या तक्रारी ऐकण्यात जन्म गेला, म्हणून आता थोड्या मी करतो.

पहिली तक्रार हीच, की साठी उलटलेली ही बाई दर रविवारी भर दुपारी कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरवर झाडं तोडते.

हसू नका, खरंच तोडते. आमचा एकुलता एक अनिरुद्ध नोकरीला जर्मनीला गेला, तेव्हा गेम खेळायचा त्याचा कॉम्प्युटर वरच्या खोलीत ठेवून गेला. कॉलेजात असताना एकेक भाग आणून त्यानं स्वतःच्या हातानं जोडलेला. काचेचं दार, आत लाल-निळे दिवे. मी म्हणायचो, नवरात्रातला मांडव परवडला. तो गेल्यावर फोन व्हायचे, पण कसलं बोलणं! "जेवलास का?" "जेवलो." "थंडी आहे का?" "आहे." खलास. मी तर दोन वाक्यांत फोन हिच्या हातात द्यायचो.

मग एका रविवारी त्यानंच फोनवर सांगत सांगत हिला तो कॉम्प्युटर चालू करायला लावला आणि आपल्या गेममध्ये घेतलं. डोंगर, रान, दोघांनी मिळून लाकडं आणायची, झोपडी बांधायची. आणि काय सांगू, लाकडं तोडता तोडता पोरगं बोलायला लागलं! साहेब कसा तिरसट आहे, सणाच्या दिवशी एकट्यानं जेवायला कसं नको वाटतं, सगळं. हेडफोन काढला की ही मला ते सांगायची. मी "असं होय" म्हणत पेपर चाळायचो, पण जीव सगळा कानात गोळा झालेला असायचा. त्याची ती सकाळ, आमची दुपार. आठवड्यात त्याला तेवढीच वेळ मोकळी.

त्या गेमची एक खोड होती. दुसरा माणूस जवळ असला तरच त्याचा आवाज ऐकू यायचा. तो लांब गेला की आवाज बारीक, आणखी लांब गेला की बंद. दिवाळीनंतर त्या गेममध्ये काहीतरी नवी भर पडली, रान दाट झालं आणि आमचा जुना कॉम्प्युटर गचके खायला लागला. अनिरुद्धकडं तिकडं नवं मशीन. तो टणाटण पुढं जायचा आणि ही एका झाडापाशी अडकून पडायची. "थांब रे!" म्हणून ओरडायची, पण तोवर तो ऐकू येण्याच्या पलीकडं गेलेला असायचा.

"अगं, मग सांग की त्याला," मी म्हणलं.

"आणि काय सांगू? आईला तुझ्याबरोबर चालता येत नाही म्हणून?" ती म्हणाली. "चार वेळा थांबेल, पाचव्या वेळी कंटाळेल. त्याच्या वयाची माणसं तिकडं कमी आहेत का खेळायला? हा रविवार गेला ना, तर परत जेवलास का आणि थंडी आहे का."

आणि ते खरंच होतं.

मग बाईंचा अभ्यास सुरू झाला. मोबाइलवर व्हिडिओ बघायच्या, वाचायच्या, कागदावर आकडे टिपायच्या. एक दिवस जेवताना म्हणाली, "अहो, प्रोसेसरचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूचा, वेग कंपनीनं ठरवून दिलाय त्याच्यापेक्षा वाढवता येतो. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात."

"कंपनीवाले येडे म्हणून कमी ठेवतात व्हय?"

"येडे नाहीत, सावध आहेत. वेग वाढवला की त्याला जास्त व्होल्टेज लागतं. कमी पडलं तर मशीन मध्येच मान टाकतं. जास्त दिलं तर तापतं. आणि ताप व्होल्टेजच्या मानानं वाढत नाही, त्याच्या पुढं पळतो. चुलीचंच बघा की. जाळ वाढवला म्हणून भाकरी लवकर होत नाही, करपते."

तिची एक शिस्त होती. शाळेच्या प्रयोगशाळेत एखाद्या पोरीनं एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की ही तिला प्रयोग पहिल्यापासून करायला लावायची. इथंही तेच. वेग एक पायरी वाढवायचा, बाकी कशाला हात नाही. मग प्रोसेसरला मरमर राबवणारा एक प्रोग्रॅम लावायचा आणि तापमान बघत बसायचं. निळा पडदा येऊन सगळं बंद पडलं, तर व्होल्टेज केसभर वाढवायचं आणि परत तेच. मी चहा नेऊन दिला तर तो निवून जायचा. मी चिडायचो, बडबडायचो, आणि खाली जाऊन दुसरा चहा ठेवायचो. संक्रांतीच्या आसपास तिला मेळ सापडला. वेग बऱ्यापैकी, ताप आटोक्यात, तासन्‌तास लावून ठेवलं तरी न अडणारं. त्या रविवारी ती अनिरुद्धच्या खांद्याला खांदा लावून डोंगर चढली. हेडफोन काढून मला म्हणाली, "पोचले!" पोरीसारखी लाल झाली होती.

पण संक्रांतीची हवा किती दिवस टिकणार? फाल्गुन सरला आणि आमची वरची पत्र्याची खोली भट्टी झाली. जो मेळ थंडीत बसला होता तो उन्हाळ्यात बसेना. इथं खरं तर वेग एक पायरी खाली आणायला पाहिजे होता. शाळेतल्या एखाद्या मुलीला तिनं तेच सांगितलं असतं. पण वेग खाली आणायचा म्हणजे परत मागं राहायचं. मग बाईंनी काय करावं? खालचा पाण्याचा कूलर माझ्याकडून वर चढवून घेतला, कॉम्प्युटरचं काचेचं दार काढलं आणि कूलरचं तोंड थेट प्रोसेसरवर लावलं! मी खाली घामानं निथळतोय, आणि वर वाळ्याच्या गार वाऱ्यात कोण, तर डबडं. सगळ्या चाचण्या तिनं कूलर लावूनच घेतल्या, आणि तापमान उतरलंय म्हणून वेग आणखी वाढवला.

चैत्री पौर्णिमेची गर्दी होती त्या आठवड्यात. लॉज सगळे भरलेले, प्रत्येक खोलीत एसी, आणि आमच्या गल्लीच्या लायनीचा जीव तो केवढा! रविवारी ही गेममध्ये असतानाच लाइट गेली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, तो चालू राहिला. कूलर नव्हता, तो बंद पडला. हिच्या ध्यानातच आलं नाही. दोघं एका लाकडी पुलावर उभे होते आणि तो काहीतरी सांगायला सुरुवात करत होता. थोड्याच वेळात पडदा निळा.

मशीन परत चालू होऊन गेममध्ये शिरेपर्यंत बराच वेळ गेला. त्या गेममध्ये लाइन तुटली तरी आपलं माणूस समोरच्याला काही वेळ तसंच उभं दिसतं. मशीन बंद पडलं होतं हे त्याला कळू नये म्हणून ही त्याबद्दल काही बोलली नाही. "हं, चल, कुठं जायचं?" एवढंच म्हणाली.

"काही नाही, आई," तो म्हणाला. "मला जरा काम आहे." आणि गेला.

पुढच्या रविवारी त्याचा मेसेज, आज जमणार नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तेच.

"कंटाळला," ती म्हणाली. "मी म्हणलं नव्हतं?"

बाई इतकी हातपाय गाळून बसलेली मी कधी पाहिली नव्हती. आणि मग तिची शिस्तच सुटली. वेग वाढवला, त्याच वेळी व्होल्टेज वाढवलं, पंख्याचं काहीतरी बदललं, सगळं एकदम. आता असं करायचं की परत अडकायलाच नको, म्हणे. पडदा निळा झाला की आणखी व्होल्टेज. मी म्हणलं, "अगं, त्या मशीनला दम तरी खाऊ दे." तर माझ्यावरच खेकसली. शेवटी तो प्रोसेसर असा झाला, की वाढवलेला वेग सोडा, कंपनीनं दिलेल्या मूळ वेगावरही उभा राहीना. स्टँडजवळच्या दुकानातला सिद्धेश्वर येऊन बघून गेला. म्हणाला, "काकू, जास्त व्होल्टेजनं आतून झिजला बघा. मूळच्यापेक्षा कमी वेगावर ठेवलात तर चालेल. पण गेमबिम विसरा आता."

सिद्धेश्वर गेल्यावर ती मला म्हणाली, "त्याच्या हातचा होता हो." पदर डोळ्याला लावला नाही, पण आवाज फाटला होता. मला इतका राग आला, पण कुणावर काढायचा तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं आपणहून अनिरुद्धला फोन लावला. स्पीकरवर. मी शेजारी बसलो होतो.

"अनिरुद्ध, तुझा कॉम्प्युटर मी बिघडवला," तिनं एकदम सांगून टाकलं.

"बिघडवला म्हणजे? काय झालं?"

तिनं सगळं सांगितलं. वेग, व्होल्टेज, कूलर, काही लपवलं नाही. तो मध्ये एकदा हसलासुद्धा. "आई, एवढं व्होल्टेज तर मी पण कधी दिलं नव्हतं. कशासाठी पण?"

"तू पुढं निघून जायचास रे. मला तुझं बोलणं ऐकू यायचं नाही. आणि त्या दिवशी पुलावर तर मशीन बंदच पडलं. तेव्हापासून तू कंटाळलास, म्हणून मी..."

"थांब. पुलावर बंद पडलं होतं?"

"व्हय. लाइट गेली, कूलर थांबला. मी चालू करून परत आले की."

मी फोनच्या आणखी जवळ सरकलो.

"म्हणजे तुला ऐकूच गेलं नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज लहानपणी ताप आल्यावर व्हायचा तसा झाला होता. "आई, माझी नोकरी गेलीय. पुलावर तेच सांगत होतो तुला. विचारलं, मी परत येऊ का घरी? तू नुसती उभी. एक शब्द नाही. मला वाटलं, तुला आवडलं नाही. तिथं सगळ्यांना सांगून बसलीस, पोरगा परदेशात आहे म्हणून."

वनमालेनं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी, ओठ नुसते हलतायत. फोन दोन्ही हातांत गच्च धरलेला, आणि त्यातून तिकडं जातंय काय, तर काहीच नाही. परत तेच! पोरगं तिकडं कान लावून बसलंय आणि इथून परत एक शब्द जात नाही. मी तिच्या हातातून फोन ओढला. आयुष्यात त्या पोराशी दोन वाक्यांच्या पुढं कधी बोललो नव्हतो.

"अनिरुद्धा, मी बोलतोय. ती गप्प नाही रे, रडतीय. तिच्या रडण्याचा आवाज होत नाही. ये तू. आज निघता आलं तर आज नीघ. ये घरी."